तरुणांसाठी आणखी एक ॲप? आधी ऐकणारा कोण ते सांगा

निमित्तमात्र (धागाकर्ता)

एका ना-नफा संस्थेने आमच्या मित्रमंडळींकडे देणगीसाठी प्रस्ताव पाठवलाय. संस्था जुनी आहे, माणसं प्रामाणिक आहेत, नाव मुद्दाम देत नाही. १६ ते २५ वयोगटाचा सार्वजनिक कारभारात सहभाग वाढावा म्हणून ॲप काढायचंय. त्यात राज्यघटनेवर प्रश्नमंजुषा, मतदार नोंदणीला मदत, परिसरातल्या अडचणींच्या तक्रारी, ऑनलाइन निवेदनांवर सह्या आणि जो जास्त सक्रिय त्याला बॅज. जवळपास सगळा प्रस्ताव मुलांना ॲपवर आणायचं कसं आणि टिकवायचं कसं यावरच आहे. तक्रार केल्यावर ती कुणाच्या टेबलावर जाते आणि त्याने ढुंकून पाहिलं नाही तर पुढे काय, यावर एकच ओळ: 'संबंधित यंत्रणेपर्यंत पोहोचवली जाईल.'

माझं मत स्पष्ट आहे. पलीकडे उत्तर द्यायला कुणी बांधील नसेल तर असलं ॲप काढू नये. पैसे वाया जातात हे कारण दुय्यम. सतरा वर्षांच्या पोराने पहिल्यांदा काहीतरी मागितलं आणि शून्य प्रतिसाद आला, तर पुढच्या वेळी तो मागणारच नाही.

उशाहिदीचं उदाहरण घ्या. केनियात २००७ च्या अखेरीस झालेल्या निवडणुकीनंतर हिंसाचार उसळला तेव्हा काही तरुणांनी लोकांकडून आलेले एसएमएस नकाशावर मांडायला सुरुवात केली. विलक्षण काम होतं. मग ते सॉफ्टवेअर कुणालाही फुकट वापरता येऊ लागलं आणि जगभर नकाशे निघाले. २०१२ मध्ये कुणीतरी ते मोजले. बारा हजारांवर नकाशे, आणि त्यांतल्या ९३ टक्क्यांवर दहासुद्धा नोंदी नाहीत. साधन तेच होतं. केनियात मागे माणसं होती, इतर बहुतेक ठिकाणी नुसता उत्साह.

याउलट ब्रिटनमधल्या मायसोसायटी या संस्थेचं फिक्समायस्ट्रीट बघा, २००७ पासून चालू आहे. नकाशावर खूण करायची, खड्डा की बंद दिवा ते लिहायचं, फोटो टाकायचा. ती जागा कुठल्या कौन्सिलच्या, म्हणजे तिथल्या पालिकेच्या, हद्दीत येते हे साइट स्वतः शोधते आणि तक्रार तिथे धाडते. चार आठवड्यांनी तक्रारदाराला ईमेल येतो: दुरुस्ती झाली का? उत्तर 'नाही' असेल तर तेही सगळ्यांना दिसतं. माझ्या लेखी त्या साइटचा सगळा जीव त्या चार आठवड्यांनंतरच्या ईमेलमध्ये आहे.

मंडळींना काय वाटतं? विरोधी मतं हवीच आहेत, कारण आमच्या गटात मी एकटा पडलोय.

---

चौकस

एकटे पडलात ते योग्यच आहे!

तुम्ही सगळा सहभाग 'तक्रार आणि उत्तर' या एकाच साच्यात बसवताय. मतदार नोंदणीला कुणाच्या उत्तराची गरज असते? मुलाने अर्ज भरला, नाव लागलं, काम झालं. तिथे अडथळा असतो तो 'नंतर करू' या आळसाचा, आणि तो घालवण्यात फोनइतकं स्वस्त साधन दुसरं नाही.

सप्टेंबर २०२३ मध्ये टेलर स्विफ्टने इन्स्टाग्रामवर व्होट डॉट ऑर्ग या ना-नफा संस्थेची लिंक टाकली. त्या एका दिवसात तिथे पस्तीस हजारांवर नोंदण्या झाल्या. ब्राझीलमध्ये १६-१७ वर्षांच्या मुलांना मतदान ऐच्छिक आहे, त्यामुळे नोंदणी रडतखडत चालते. २०२२ मध्ये निवडणूक न्यायालयाने, कलाकारांनी आणि संस्थांनी मिळून समाजमाध्यमांवर जोर लावला. जानेवारी ते एप्रिल या चार महिन्यांत १६ ते १८ वयाचे २० लाखांहून जास्त नवे मतदार यादीत आले. आता बोला.

---

निमित्तमात्र

@चौकस, नोंदणीचा मुद्दा वेगळा ठेवायला माझी ना नाही. पण हे आकडे ॲपचे नाहीतच. एका ठिकाणी गायिका आहे, दुसऱ्या ठिकाणी अख्ख्या देशाची मोहीम.

तुम्ही पुढे फेसबुकचा प्रयोग काढणार, म्हणून मीच काढतो. २०१० च्या अमेरिकन निवडणुकीच्या दिवशी त्यांनी ६.१ कोटी लोकांवर तो केला, २०१२ मध्ये 'नेचर'मध्ये छापून आला. काहींना 'आज मतदान आहे' एवढाच संदेश दाखवला. काहींना त्याच संदेशाखाली, ज्यांनी 'मी मत दिलं' म्हणून सांगितलं होतं त्या मित्रांचे चेहरेही दाखवले. नुसत्या संदेशाचा परिणाम शून्य. जो काही फरक पडला तो चेहऱ्यांनी. म्हणजे काम करतो तो मित्र. संस्थेच्या नोटिफिकेशनला कोण भीक घालतं?

---

चौकस

अर्धंच सांगितलंत. चेहऱ्यांमुळे थेट ६०,००० मतं वाढली आणि त्या लोकांच्या मित्रांमार्फत आणखी २,८०,००० च्या घरात. टक्केवारीत किरकोळ, मान्य. पण फ्लोरिडात २००० साली राष्ट्राध्यक्षपद ५३७ मतांवर ठरलं. आणि ते चेहरे दाखवायला तंत्रज्ञानच लागलं ना? घरोघरी फिरून ६ कोटी लोकांना त्यांच्या मित्रांचे फोटो दाखवणार होतात का?

संस्थेने ॲपमध्ये नेमकं हे घ्यावं असं मी म्हणेन. बॅज काढा, मित्र घाला.

---

आडवा छेद

त्या प्रयोगातली खरी भीतीदायक गोष्ट दोघांनीही सोडून दिली. एक कंपनी मतदान वाढवू शकते. म्हणजे कुणाला तो संदेश दाखवायचा आणि कुणाला नाही, हे ठरवून हवं तिथेच वाढवू शकते. तसं झालं असं मी म्हणत नाही. पण उद्या एखाद्या संस्थेच्या हाती कोणत्या भागातली कोणत्या वयाची मुलं नोंदणीकृत नाहीत याची यादी आली, तर ती तटस्थ राहील याची हमी काय? अमेरिकेत करमुक्त धर्मादाय संस्थांना कुठल्याही उमेदवाराच्या बाजूने किंवा विरोधात प्रचार करायला १९५४ पासून बंदी आहे. तरी 'आम्ही फक्त नोंदणी करतो' म्हणत कुठे करायची ते निवडता येतंच.

---

मधली सुट्टी

मी एकोणीस वर्षांची आहे. धागा वाचून गंमत वाटली. 'मुलांना ॲपवर आणायचं', 'पोराला शून्य प्रतिसाद'... सगळे आमच्याविषयी बोलताय, वर आमच्या वतीने निराशही होताय!

आमच्या फोनवर आणखी एका ॲपला जागा नाही, एवढं लिहून घ्या. आम्ही जिथे आधीच आहोत तिथे या.

नेपाळ बघा. सप्टेंबर २०२५ मध्ये सरकारने २६ समाजमाध्यमं बंद केली आणि मुलं रस्त्यावर आली. त्यात पुढे होती 'हामी नेपाल' नावाची ना-नफा संस्था, मूळची आपत्तीत मदत करणारी. त्यांनी तरुणांसाठी वेगळं काही बनवलं नाही. गेम खेळणारे गप्पा मारायला वापरतात त्या डिस्कॉर्डवर गट उघडला, लाखावर लोक जमले. पंतप्रधान राजीनामा देऊन गेल्यावर हंगामी पंतप्रधान कोण असावं यावर तिथेच चर्चा आणि मतदान झालं. सुशीला कार्की यांचं नाव पुढे आलं, आणि १२ सप्टेंबरला त्यांचा शपथविधीही झाला. उत्तर द्यायला कोण बांधील होतं तिथे, निमित्तमात्रकाका?

---

आडवा छेद

@मधली सुट्टी, त्या दिवसांत सत्तरहून जास्त माणसं गेली, हे त्याच परिच्छेदात यायला हवं होतं.

दुसरं म्हणजे डिस्कॉर्डवर लाखावर सदस्य असले तरी मतं पडली काही हजार. मत देणारा नेपाळी आहे का, अठराचा आहे की तेराचा, एकाच माणसाने तीन खाती उघडली का, कुणाला ठाऊक? आणि कार्की त्या मतदानाने पंतप्रधान झाल्या असंही नाही. राष्ट्रपती, लष्कर आणि आंदोलकांचे प्रतिनिधी यांच्या वाटाघाटीतून ते ठरलं. त्या माजी सरन्यायाधीश होत्या, सगळ्यांना चालण्यासारख्या होत्या. डिस्कॉर्डने नाव पुढे रेटलं, एवढं खरं. त्याला 'सहभागाचं मॉडेल' म्हणायला मी तयार नाही.

---

मधली सुट्टी

मॉडेल मी म्हटलंच नाही. वेगळं ॲप लागत नाही एवढंच म्हटलं. आणि माणसं गेली ती गोळीबारात आणि जाळपोळीत. डिस्कॉर्डने नाही मारलं त्यांना.

खात्री नसलेल्या मतदानाचा मुद्दा बरोबर आहे. पण ज्या संसदेत खात्रीशीर मतदानाने निवडून आलेले लोक बसले होते तिथेही कुणी ऐकत नव्हतं. तुम्हाला एक दोष दिसतो, दुसरा सवयीचा झालाय.

---

गप्पिष्ट

या सगळ्या संस्था म्हणजे वातानुकूलित हॉलमधले परिसंवाद आणि फुकटचे टी-शर्ट. चालू द्या.

---

रातकिडा

@गप्पिष्ट, टी-शर्टसुद्धा आता मिळत नाहीत हो.

मी अशा एका संस्थेत प्रोग्रामर होतो (देश, नाव, काहीच सांगत नाही). निमित्तमात्र यांच्या निष्कर्षाशी सहमत आहे, पण कारण वेगळं आहे आणि ते या धाग्यात अजून आलं नाही. कारण आहे देणगीदार, म्हणजे तुम्ही.

आमच्याकडे भिंतीवर मोठा स्क्रीन होता. त्यावर चार आकडे फिरायचे: आज किती जण आले, किती वेळ थांबले, किती तक्रारी पडल्या, किती जणांनी पुढे पाठवल्या. पाहुणे आले की त्या स्क्रीनसमोर फोटो. तक्रारींचं पुढे काय झालं याचीही शीट होती, ती मात्र एका कार्यकर्तीच्या लॅपटॉपवर. त्यात 'उत्तर आलं का' असा रकाना होता. ती बाई रोज सकाळी कार्यालयांना फोन लावायची, साहेब जेवायला गेलेत, बैठकीत आहेत, कागद दुसऱ्या विभागात गेलाय, हे सगळं ऐकून घ्यायची आणि एखाद-दुसरा रकाना भरायची. अनुदान संपलं तेव्हा पहिली तिची जागा गेली. ॲपच्या दुसऱ्या आवृत्तीला पैसे मिळाले, कारण दुसरी आवृत्ती दाखवता येते. फोन लावणारी बाई दाखवता येत नाही.

ॲप वाईट म्हणून हे घडत नाही. 'किती तरुणांपर्यंत पोहोचलात' हा प्रश्न पैसे देणारा विचारतो म्हणून घडतं. तुम्हीही संस्थेला तोच विचारला असणार, लावता पैज?

---

निमित्तमात्र

पैज नको. अर्जाचा नमुना आमच्या गटानेच पाठवलाय आणि त्यात 'लाभार्थी संख्या' हा रकाना पहिल्याच पानावर आहे.

---

शाईपेन

मला मूळ मुद्दाच पटलेला नाही. 'उत्तर मिळणार नसेल तर विचारू नका' हे लोकशाहीचं शिक्षण कधीपासून झालं? बहुतेक मोठ्या मागण्यांना पहिली कित्येक वर्षं उत्तर मिळालेलं नाही. मागायला शिकणं हेच काम आहे.

आणि मागणं ही कला आहे. त्याच मायसोसायटीचं दुसरं एक साधन आहे, राइटटूदेम. पोस्टकोड टाकला की तुमचा खासदार, नगरसेवक कोण ते दिसतं आणि तिथूनच पत्र लिहिता येतं. मुलांना शिकवणारी म्हणून मला त्यातली एक गोष्ट फार आवडली. एकसारखा मजकूर चिकटवून शेकड्याने पत्रं जायला लागली तर ती साइट अडवते. तुमच्या शब्दांत लिहा, म्हणते. प्रतिनिधी साच्यातली पत्रं एकगठ्ठा बाजूला टाकतात, एका मुलीने स्वतःच्या बसच्या वेळेबद्दल लिहिलेलं पत्र तसं टाकता येत नाही. दोन आठवड्यांनी साइट तिला विचारते, उत्तर आलं का?

म्हणजे ज्या साधनाचं निमित्तमात्र कौतुक करताहेत त्याच्या घरातच शिकवण्याचंही काम चाललंय. अमेरिकेत सर्वोच्च न्यायालयाच्या माजी न्यायाधीश सँड्रा डे ओकॉनर यांनी २००९ मध्ये सुरू केलेली आयसिव्हिक्स ही संस्था तर मुलांना खेळांतूनच हे शिकवते: कायदा कसा होतो, खटला कसा चालतो. तिथे पलीकडून उत्तर देणारं कुणीच नाही. ते बंद करायचं का?

---

निमित्तमात्र

@शाईपेन, शाळेतला खेळ हा खेळ आहे हे मुलाला माहीत असतं. माझा आक्षेप खेळाला खरं म्हणून विकण्यावर आहे. 'तुमची तक्रार नोंदवली गेली' असा हिरवा टिळा दाखवायचा आणि तक्रार कुठेच जात नाही, हे शिक्षण नव्हे, फसवणूक आहे.

---

चौकस

निमित्तमात्र, तुमच्या लाडक्या फिक्समायस्ट्रीटविषयी आणखी एक. मायसोसायटीनेच २०१५ मध्ये आपली आणि इतर देशांतली अशी साधनं कोण वापरतं याचा अभ्यास केला. ब्रिटन-अमेरिकेत वापरणारे बहुतांश पंचेचाळिशीच्या पुढचे आणि चांगले शिकलेले निघाले. केनिया आणि दक्षिण आफ्रिकेत वापरणारे त्यामानाने बरेच तरुण. म्हणजे उत्तर येण्याची उत्तम सोय केली तरी तरुण आपोआप येतात असं नाही. ज्यांना आधीपासून तक्रार करायची सवय आहे तेच काका-काकू खड्ड्याचे फोटो टाकत बसतात!

तुमच्या प्रस्तावातली पानंच्या पानं 'मुलांना कसं आणायचं' यावर आहेत, कारण तेच अवघड आहे.

---

रातकिडा

हे बरोबर पकडलंत. यू-रिपोर्टची सुरुवात युगांडात २०११ मध्ये युनिसेफने केली. स्मार्टफोन नको, इंटरनेट नको, साध्या फोनवर फुकट एसएमएस. मुलांना प्रश्न यायचा, एका आकड्यात किंवा दोन शब्दांत उत्तर द्यायचं. मुलं तिथे का राहिली? कारण जिल्ह्याजिल्ह्यातून काय उत्तरं आली तेही त्यांना परत कळायचं आणि खासदारही ती बघायचे. पुढे ते कितीतरी देशांत गेलं. लायबेरियात सुमारे १३,००० मुलांना विचारलं, तुमच्या शाळेत शिक्षक गुणांच्या बदल्यात लैंगिक संबंधांची मागणी करतात का? ८६ टक्क्यांनी हो म्हटलं. हा प्रश्न वर्गात उभं राहून कुणी विचारू शकलं नसतं आणि कुणी उत्तरही दिलं नसतं. नाव न सांगता फोनवर दिलं. शिक्षण मंत्रालयाला दखल घ्यावी लागली.

---

आडवा छेद

पण प्रश्न कुणी निवडला? युनिसेफने. मुलांनी फक्त हो-नाही म्हटलं. यात सहभाग कुठे आहे? हे सर्वेक्षण झालं. चांगलं सर्वेक्षण, गरजेचं सर्वेक्षण, पण सर्वेक्षणच.

---

मधली सुट्टी

+१. आणि सर्वेक्षणाला 'युवा नेतृत्व' म्हणायची पद्धत बंद करा, प्लीज.

मुलीने स्वतः प्रश्न निवडल्याचं उदाहरण हवं असेल तर तैवानचं 'जॉइन' बघा. ६० दिवसांत ५,००० सह्या झाल्या की संबंधित खात्याला लेखी उत्तर द्यावंच लागतं. २०१७ मध्ये तिथे सोळा वर्षांच्या एका विद्यार्थिनीने एकदा वापरून फेकायच्या प्लास्टिकच्या खानपानाच्या वस्तू हळूहळू बंद करा म्हणून मागणी टाकली. सह्या झाल्या, अधिकाऱ्यांबरोबर बैठक झाली. जुलै २०१९ पासून सरकारी कार्यालयं, शाळा, मॉल आणि फास्ट फूडच्या साखळ्यांमध्ये बसून पिणाऱ्यांना प्लास्टिकची स्ट्रॉ द्यायला बंदी आली. मत द्यायचं वय नव्हतं तिचं.

---

निमित्तमात्र

वा! हे माझ्याच बाजूचं उदाहरण झालं. ५,००० सह्यांना वजन आहे कारण पलीकडचं खातं बांधील आहे. याच्याशेजारी २०१९ मधलं ब्रिटन ठेवून बघा. ब्रेक्झिट रद्द करा म्हणून संसदेच्या साइटवर ६० लाखांहून जास्त सह्या पडल्या. तिथे दहा हजारांना सरकारचं उत्तर आणि एक लाखाला चर्चेचा विचार, इतकंच बंधन. उत्तर आलं 'नाही', चर्चा झाली, विषय संपला.

---

चौकस

उत्तर आलं की! 'नाही' हे उत्तर असतं. तुम्हाला उत्तर हवंय की होकार, ते एकदा ठरवा.

आणि जॉइन सरकारी आहे. धागा ना-नफा संस्थांवर आहे. संस्था सरकारला बांधील कशी करणार? 'आधी कायदा आणा, मग ॲप काढा' म्हणजे कधीच काढू नका.

---

रातकिडा

@चौकस, करते की. एस्टोनिया.

२०१२ मध्ये तिथे पक्षनिधीवरून मोठा गदारोळ झाला. राष्ट्राध्यक्षांनी सगळ्यांना बोलावलं, आणि २०१३ च्या सुरुवातीला स्वयंसेवी संस्था आणि प्रोग्रामर मंडळींनी 'राह्वाकोगू', म्हणजे लोकांची सभाच म्हणा, या नावाची साइट उभी केली. निवडणूक, पक्ष, लोकसहभाग यांत काय बदलावं ते लोकांनी तिथे लिहिलं. मग एप्रिलमध्ये सोडत काढून निवडलेल्या सामान्य नागरिकांना एका दिवसासाठी एकत्र बसवून त्या सूचनांवर खल झाला. पंधरा प्रस्ताव संसदेत गेले. त्यांतला एक २०१४ मध्ये कायदा झाला: १,००० जणांनी सही केलेलं निवेदन संसदेला विचारात घ्यावंच लागेल. सही करायचं किमान वय १६! आज ती निवेदनं चालवणारी साइट सरकारी खातं चालवत नाही, एक ना-नफा प्रतिष्ठान चालवतं. सही सरकारी डिजिटल ओळखपत्राने होते, त्यामुळे आडवा छेद यांचा 'एका माणसाची तीन खाती' हा प्रश्नही मिटला.

म्हणजे क्रम उलटा आहे. साइट आधी, बंधन नंतर. निमित्तमात्र यांच्या नियमाने ती पहिली साइट निघालीच नसती.

---

निमित्तमात्र

क्रम नीट बघा. प्रस्ताव संसदेसमोर मांडायला राष्ट्राध्यक्ष पहिल्या दिवसापासून तयार होते. कायद्याचं बंधन नव्हतं, पण शब्द दिलेला माणूस होता, तोही देशाच्या सर्वोच्च पदावर. साइट पोकळीत निघाली नाही. संस्थेला मी कायदाच मागतोय असं कुठे म्हटलं? एक नगरपालिका, एक विद्यापीठ, एक वाहतूक खातं, कुणीही एक, ज्याने लिहून दिलंय की इतक्या दिवसांत उत्तर देऊ. एवढं दाखवा.

---

शाईपेन

आणि कुणी लिहून दिलं नाही तर? जिथे कुणीच लिहून देत नाही तिथल्या तरुणांनी काय करायचं?

नायजेरियात कुणी लिहून दिलं नव्हतं. तिथे लोकसंख्येत तरुण प्रचंड, पण निवडणूक लढवायला वयाची अट जास्त. यियागा आफ्रिका या संस्थेने २०१६ पासून मोहीम चालवली, हॅशटॅगचं नावच 'नॉट टू यंग टू रन'. घटनादुरुस्तीला ३६ पैकी निदान २४ राज्यांच्या विधिमंडळांची संमती लागत होती. ऑनलाइन गलका करून ती मिळत नाही, राज्याराज्यांत माणसं जाऊन बसली. मे २०१८ मध्ये राष्ट्राध्यक्षांची सही झाली. प्रतिनिधिगृहासाठी वय ३० वरून २५, राष्ट्राध्यक्षपदासाठी ४० वरून ३५. ऐकणारा आधी नव्हता, ओरडून ओरडून तयार केला.

---

मधली सुट्टी

शाईपेन, हे भारी आहे.

---

आडवा छेद

एक कोपरा अजून अंधारात आहे, माहिती. प्रस्ताव १६ वर्षांपासूनच्या मुलांसाठी आहे ना? भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ खालचा प्रत्येक जण मूल आहे. त्याची माहिती घ्यायची तर पालकांची पडताळलेली संमती हवी, आणि मुलांच्या वागण्यावर पाळत ठेवायला बंदी. युरोपात हे वय १३ ते १६ च्या दरम्यान, देशागणिक वेगळं. अमेरिकेत १३. आता कल्पना करा, मुलीला वडिलांच्याच कार्यालयाविरुद्ध तक्रार करायचीय आणि संमती वडिलांकडून आणायचीय!

आणि संस्था भली म्हणून माहिती सुरक्षित, असंही नाही. अमेरिकेतली क्रायसिस टेक्स्ट लाइन डूसमथिंग या तरुणांना सामाजिक कामात ओढणाऱ्या संस्थेतूनच २०१३ मध्ये निघाली. आत्महत्येच्या विचारात असलेली मुलं तिथे मेसेज करायची. नावं काढून टाकलेले ते संवाद संस्थेने आपणच काढलेल्या एका नफ्यातल्या कंपनीला दिले होते, ग्राहकसेवेचं सॉफ्टवेअर सुधारायला. जानेवारी २०२२ मध्ये बातमी फुटली, बोंब झाली, तेव्हा थांबवलं. अटी-शर्तींमध्ये सगळं लिहिलेलं होतं म्हणे. अटी-शर्ती, त्याही अशा घडीला मेसेज करणाऱ्यासाठी!

---

रातकिडा

हे मी आमच्याकडेही बघितलं. विकली नाही, पण नको तेवढी माहिती गोळा करून ठेवली होती. जन्मतारीख, पत्ता, शाळा, 'पुढेमागे लागेल' म्हणून. तक्रारीला फक्त ठिकाण लागतं.

---

चौकस

निमित्तमात्र, शेवटी पैसे देताय की नाही ते सांगा. उत्तर द्यायला तुम्ही बांधील आहात :)

---

निमित्तमात्र

देतोय, पण अटी घालून. ॲपऐवजी मुलं आधीपासून आहेत त्या मेसेजिंग गटांवरच त्यांनी काम करावं (मधली सुट्टी यांच्यामुळे). निम्मी रक्कम पाठपुरावा करणाऱ्या दोन माणसांच्या पगाराला, तीन वर्षांसाठी, सॉफ्टवेअरला वळवता येणार नाही. 'लाभार्थी संख्या' आमच्या नमुन्यातून काढतोय, तिथे 'किती तक्रारींना उत्तर आलं, किती दिवसांनी, काय आलं' हे येईल. उत्तर 'नाही' असलं तरी मोजायचं. जन्मतारीख-पत्ता घ्यायचा नाही. लेखी कबुली देणारं एक तरी कार्यालय सापडेपर्यंत तक्रारींचा भाग बंद. या शेवटच्या अटीवर मी ठाम आहे, शाईपेन कितीही रागावल्या तरी.

---

शाईपेन

रागावलेच आहे. कार्यालय शोधायचं काम मुलांनाच द्या की! कुणाकडे जायचं, काय लिहून मागायचं, कोण टाळाटाळ करतं, हे त्यांनाच करू दे. तुम्ही आधी दार उघडून घेणार आणि मग त्यांना आत बोलावणार.

---

चौकस

आणि मतदार नोंदणीचा भाग कोणत्याही अटीत अडकवू नका. त्याला कुणाची कबुली लागत नाही. तुमचा गट देत नसेल तर तेवढ्याचे पैसे मी देते, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

---

मधली सुट्टी

पैसे कुठे जावेत हे ठरवणाऱ्या तुमच्या गटात पंचविशीच्या आतलं कुणी आहे का?

---

निमित्तमात्र

नाही.

---

मधली सुट्टी

मग अटींच्या यादीत वरती ते लिहा.